खांबेट्यांची बाग आणि सुनंदाचा धनेश

सुनंदा खांबेटेला नवऱ्याबद्दल बाईचा संशय कधीच आला नाही. ती घाटकोपरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंककॉल जोडून द्यायची. डबा खाताना तिथल्या मैत्रिणी आपापल्या नवऱ्यांची गाऱ्हाणी काढत. कुणाचा नवरा उशिरा घरी येई, कुणाचा शेजारणीशी जरा जास्तच हसून बोले. मग सगळ्या सुनंदाकडे बघून म्हणत, "तुझं बरं आहे बाई. तुझा प्रोफेसर आपल्या पाली-सापांत खूश."

सुनंदा हसून भाजीचा डबा पुढे सरकवायची. त्या पाली-सापांवरच आपण जळतो, हे चारचौघींत सांगणार कसं?

खांबेटे मुलुंडला एका दुमजली इमारतीत तळमजल्यावर राहत. मागे पत्र्याची पडवी होती आणि पडवीपुढे चार कुंड्या मावतील एवढं अंगण. विद्याधर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचा, पण त्याचा खरा जीव कॉलेजच्या बाहेर होता. कुठे घुबड तारेत अडकलं, कुठे कुणाच्या गोठ्यात साप निघाला, की माणसं त्याला बोलवायला येत. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात तो दूध आणायला म्हणून गेला आणि धामण घेऊन आला. ठेवायला दुसरं काही हाती लागेना, म्हणून आत येऊन त्याने सुनंदाच्या आईने कशिदा काढून दिलेला उशीचा अभ्रा उचलला. "फक्त दुपारपर्यंत," तो म्हणाला. सुनंदाने तो अभ्रा पुन्हा कधी वापरला नाही.

त्यांना मूल झालं नाही. लोक हळूच म्हणत, बिचारा प्राण्यांत मन रमवतो. सुनंदाला त्याचा फार राग यायचा. मन रमवायला काय, हा माणूस लग्नाच्या आधीपासून असाच होता.

तिला खुपायची ती त्याची नजर. जखमी साळिंदराचा पाय तपासताना विद्याधरचा सगळा चेहरा बदलून जाई, श्वाससुद्धा तो जपून घेई. एकदा दिवाळीत नवी नारायणपेठ नेसून ती त्याच्यासमोर उभी राहिली, तेव्हा तो मांडीवरच्या घारीचा पंख शिवत होता. "जरा बाजूला हो गं, उजेड अडतोय," तो म्हणाला. पुढे तिला टायफॉइड झाला तेव्हा त्याच्याकडे रजा शिल्लक नव्हती, कारण त्याच महिन्यात एक अजगर त्याने घरी आणून जगवला होता. विद्याधर वाईट नव्हता. औषधं वेळेवर आणायचा, मऊ भातही करायचा. पण अजगराला तो बघत बसायचा, आणि तिला फक्त विचारायचा, "बरं वाटतंय ना?"

एक्याऐंशीच्या उन्हाळ्यात सावंतवाडीकडून एक ओळखीचा माणूस टोपलीत धनेशाचं पिल्लू घेऊन आला. रस्त्यासाठी झाड पाडलं, त्या झाडाच्या ढोलीत ते सापडलं होतं. अंगावर पीस नाही, पोट नगाऱ्यासारखं आणि चोच डोक्यापेक्षा मोठी. इतकं कुरूप पिल्लू सुनंदाने जन्मात पाहिलं नव्हतं. विद्याधरने कॉलेजात रजेचा अर्ज टाकला आणि तो घरी बसला. उंबर कुस्करून, उकडलेलं अंडं मळून तो त्याला चिमटीने भरवू लागला. दार उघडल्यावर वारा लागेल म्हणून सुनंदाला पडवीत जायची बंदी झाली.

"नाव काय ठेवलंत?" तिने दारातूनच विचारलं.

"प्राण्यांना नावं ठेवू नयेत."

"मग मी ठेवते," सुनंदा म्हणाली, "बेढब, खादाड आणि घरकोंबडा."

विद्याधरने ऐकलंच नाही. तो पिल्लाची नाडी मोजत होता.

पिल्लू जगलं. काळे पंख, पांढरं पोट आणि पिवळ्या चोचीवर शिरस्त्राणासारखा उंचवटा, असा देखणा पक्षी झाला. त्याच सुमारास विद्याधरच्या डोक्यात बाग आली.

प्राणी बघायचे तर मुंबईच्या माणसाने राणीच्या बागेत जायचं, म्हणजे भायखळ्याला. तिथे हत्ती आणि सिंह बघून आलेली मुलुंडची पोरं घरामागच्या डोंगरात काय राहतं ते सांगू शकत नाहीत, हे विद्याधरचं जुनं दुखणं होतं. त्याला उपनगरातली पहिली प्राणीबाग हवी होती, तीही फक्त इथल्याच प्राण्यांची. साळिंदर, कोल्हा, उदमांजर, घोरपड, अजगर, धनेश. डोंगराच्या पायथ्याशी एका कच्छी शेठजींच्या ट्रस्टची वाडी पडून होती. दोन विहिरी, पडका गोठा आणि उंबराची जुनी झाडं. शेठजी सकाळी फिरायला निघाले की विद्याधर त्यांच्या बरोबरीने चालू लागे. महिनोन्‌महिने चालला. शेवटी शेठजी म्हणाले, जागा घ्या, पण म्हाताऱ्या माणसांना बसायला बाकडी ठेवा. वनखात्याची परवानगी मिळवायला आणखी वर्ष गेलं. तोवर गिरण्यांचा संप सुरू होऊन बसला होता. काशीराम घाडी म्हणून कुडाळकडचा एक साचेवाला, म्हणजे मागावरचा कामगार, गिरणी बंद पडल्यावर भांडुपला मेहुण्याकडे राहत होता. विद्याधरने त्याला बागेत कामाला घेतलं. दोघं मिळून जाळ्या ठोकू लागले.

आता विद्याधर घरी फक्त झोपायला यायचा, आणि जेवताना बोलायचा तेही कोल्ह्याच्या कुंपणाबद्दल.

"एकदा येऊन बघ तरी," तो म्हणाला.

"मी त्या बागेत पाऊल टाकणार नाही," सुनंदा म्हणाली. "माझं घर तिथे हलवलंत, तेवढं पुरे आहे."

धनेशाचा मोठा पिंजरा सगळ्यात शेवटी व्हायचा होता, त्यामुळे तो घरीच राहिला, पडवीला जाळी लावून. विद्याधर पहाटे बागेकडे जाई. सुनंदाची पाळी दुपारची. तेव्हा पक्ष्याचं खाणंपिणं आपसूक तिच्या गळ्यात पडलं.

ती चिडूनच करायची. उंबराची वाटी आपटायची आणि तांदूळ निवडत पडवीतच बसायची, कारण वाऱ्याची तेवढी एकच जागा होती. बसल्या बसल्या बोलायची. "तुझ्यासाठी रजा मिळते बरं का. तुझ्यासाठी सगळं मिळतं. सावंतवाडीला होतास तर तिथेच राहायचं." पक्षी मान वाकडी करून लांब पापण्यांच्या डोळ्याने तिच्याकडे एकटक बघत राही. घरात आपल्याकडे कुणी असं बघतं, याची सुनंदाला सवय नव्हती. काही दिवसांनी तिच्या बोलण्यातला राग पातळ झाला. ती त्याला एक्स्चेंजमधल्या गोष्टी सांगू लागली. त्याला ती धनू म्हणू लागली.

चौऱ्याऐंशीच्या सुरुवातीच्या थंडीत एका सकाळी धनू दांडीवरून उतरून तिच्या गुडघ्याशी आला. त्याने घशातून एक उंबर वर काढलं, चोचीच्या टोकात अलगद धरलं आणि तिच्यापुढे केलं. सुनंदाला शिसारी आली. तिने हात झटकला. उंबर घरंगळलं. त्याने ते उचललं आणि पुन्हा पुढे केलं. असं कितीतरी वेळा झालं. शेवटी तिने तळहात पसरला. उंबर हातावर ठेवून पक्षी घशात खोल काहीतरी गुरगुरला आणि डोळे मिटून तिच्या पदराला चोच लावून बसला.

हे तिने विद्याधरला सांगितलं नाही. सांगावंसंच वाटलं नाही. लग्नाला दहा-बारा वर्षं झाल्यावर तिच्यापाशी पहिल्यांदाच असं काहीतरी होतं जे फक्त तिचं होतं.

मग एक रविवार आला आणि विद्याधर सकाळी घरी होता. पपईच्या फोडी घेऊन तो पडवीत आला. सुनंदा कपडे वाळत घालत होती. धनू तिच्या खांद्याजवळच्या दांडीवर होता. त्याने नेहमीप्रमाणे उंबर पुढे केलं आणि तिने सवयीने, मागे न बघता, हात करून ते घेतलं.

"हे कधीपासून?" विद्याधरने विचारलं.

"काय?"

"हेच. तो तुला भरवतोय."

"झाले असतील महिना-दोन महिने."

"आणि तू मला बोलली नाहीस?"

"तुम्ही कुठे होतात?" सुनंदा म्हणाली आणि टॉवेल झटकू लागली.

विद्याधर जवळ आला. त्याने फोड पुढे केली. धनूने फोडीकडे बघितलंही नाही. पंख फुगवून तो सरळ त्याच्या अंगावर गेला आणि कान धरला. सोडवेपर्यंत शर्टाची कॉलर रक्ताने भिजली.

आत बसवून सुनंदाने त्याच्या कानाला हळद लावली. विद्याधर पडवीच्या दाराकडे बघत होता. म्हणाला, "नर आपल्या मादीला असं भरवतो. त्याने तुला निवडलंय. मला तो आता दुसरा नर समजतो."

"मग?"

"मग काय. अंगावर पीस नव्हतं तेव्हापासून मी भरवलंय त्याला, सुनंदा. मी."

त्या 'मी'मधला कढ सुनंदाला चांगला ओळखीचा होता. इतकी वर्षं तो तिचाच होता. आज तो दुसऱ्याच्या तोंडून ऐकून तिला लाज वाटावी इतकं बरं वाटलं.

त्यानंतर घरात एक विचित्र चढाओढ सुरू झाली. विद्याधर बागेत जायच्या आधी, ती उठण्यापूर्वी, स्वतः वाटी घेऊन पडवीत जाऊ लागला. धनू वाटी उलटी करायचा. "आज त्याने काय काय खाल्लं?" असं तो संध्याकाळी परक्यासारखं विचारायचा आणि सुनंदा मुद्दाम सगळं तपशीलवार सांगायची. तो घरात असला की ती पडवीत जाऊन जरा मोठ्यानेच धनूशी बोलायची. आतल्या खोलीत वर्तमानपत्राचं पान उलटायचं थांबलं की तिला कळायचं, लागलं.

पंच्याऐंशीच्या जानेवारीत बाग उघडायची ठरली. त्याच्या आठ दिवस आधी विद्याधर वेताची मोठी टोपली घेऊन घरी आला.

"पिंजरा झालाय. आज नेतो त्याला."

सुनंदाच्या हातातलं लाटणं थांबलं. "त्याला सगळ्यात शेवटी, उन्हाळ्यात न्यायचं ठरलं होतं ना?"

"परवानगी बागेच्या नावावर आहे. घरी ठेवता येत नाही."

"तीन वर्षं ठेवता आला."

"त्याला उडायला जागा हवी. पडवीत पंख आखडतील."

सगळं खरं होतं. सुनंदाला त्यातलं एकही वाक्य खोडता येत नव्हतं. "बरोबर आहे तुमचं," ती म्हणाली. "पण तुम्ही त्याला म्हणून नेत नाही आहात. तो माझ्याकडे येतो, म्हणून नेता आहात."

विद्याधरने जाड हातमोजे घातले. तो पडवीत गेला. टोपलीत कोंबताना धनू ओरडला तो असा, की वरच्या मजल्यावरच्या रुक्मिणीबाई खिडकीत आल्या. सुनंदा पोळ्या लाटत राहिली. त्या दिवशी सगळ्या पोळ्या करपल्या.

बागेचं उद्‌घाटन झालं, नगरसेवक आले, शाळांची मुलं रांगा लावून आली. 'खांबेट्यांची बाग' हे नाव लोकांनी आपणहून पाडलं. सुनंदाने पाळी बदलून घेतली नाही आणि ती गेली नाही.

पुढच्या आठवड्यात सकाळीच काशीराम दारात उभा राहिला. चप्पल काढायलाही तयार होईना.

"वहिनी, पक्षी काय खाणा नाय."

"सरांनी पाठवलं?"

"नाय. सरांनी माका धाडूक नाय. मी आपणहून इलंय." तो जरा घुटमळला. "उंबर टाकलंय, पपय टाकलंय, तेच्याकडे बघणा सुदीक नाय. कोपऱ्यात तोंड करून बसता. सर पिंजऱ्याभायर खुर्ची टाकून बसतत, पण आत गेले की तो अंगावर येता. तुम्ही येवा. नायतर तेचो जीव जायत."

सुनंदाला आधी वाटलं ते हे, की बरं झालं. बसा आता खुर्ची टाकून. मग तिला कोपऱ्याकडे तोंड केलेला धनू दिसला. तिने गॅस बंद केला आणि ती काशीरामबरोबर निघाली.

बाग तिच्या कल्पनेपेक्षा नेटकी होती. उंबरांच्या सावलीत बाकडी होती आणि त्यांवर खरोखरच म्हातारी माणसं बसली होती. घोरपडीच्या खड्ड्याभोवती मुलांची गर्दी. प्रत्येक जाळीवर विद्याधरच्या अक्षरातली पाटी: हा प्राणी काय खातो, आपल्या डोंगरात कुठे राहतो. हे सगळं तो जेवताना सांगत होता तेव्हा आपण ताटात बघत होतो, हे तिला आठवलं आणि तरीही तिचा राग गेला नाही.

धनेशाच्या पिंजऱ्याबाहेर विद्याधर खुर्चीवर बसला होता. दाढी वाढलेली. तिला बघून तो उठला. कुलूप काढून बाजूला झाला.

सुनंदा आत गेली. "धनू," तिने हाक मारली. कोपऱ्यातलं डोकं वळलं. ती खाली बसली आणि तिने तळहातावर उंबर धरलं. तो फांदीवरून उतरला, तिच्याभोवती एक फेरी मारली, जणू कुठे होतीस म्हणून जाब विचारतो आहे, आणि मग त्याने उंबर उचललं. गिळलं. वाटीतलं दुसरं घेतलं, तिसरं घेतलं. चौथं मात्र त्याने गिळलं नाही. ते तिच्यापुढे धरलं. जाळीबाहेर शाळेची मुलं उभी होती, काशीराम होता आणि जाळीत बोटं अडकवून विद्याधर उभा होता. सुनंदाने उंबर घेतलं.

बाहेर आल्यावर दोघं विहिरीजवळच्या बाकड्यावर बसले.

"मी स्वतः बोलवायला यायला हवं होतं," विद्याधर म्हणाला. "पाय निघेना. तो उपाशी बसलाय हे दिसत होतं, आणि तरी वाटत होतं की माझ्याच हातून खाईल. तुझ्याकडून नको." त्याने चष्मा काढून पुसला. "असं मला कधी झालं नव्हतं. फार वाईट असतं हे."

"माहीत आहे," सुनंदा म्हणाली. "मी लग्न झाल्यापासून त्यातच राहतेय."

"कुणावरून?"

"तुमच्या घारीवरून. अजगरावरून. ह्याच्यावरूनसुद्धा, हा टोपलीतून आला तेव्हा."

विद्याधर तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने तिच्या पदराला चिकटलेलं एक काळं पीस काढलं आणि किती वेळ ते बोटांत फिरवत बसला. घोरपडीच्या खड्ड्यापाशी कुणीतरी त्याला हाका मारत होतं. तो उठला नाही.

त्यानंतर सुनंदा रोज पाळीआधी बागेत येऊ लागली. विद्याधर तिच्याबरोबर पिंजऱ्यापर्यंत यायचा आणि दाराशी थांबायचा. त्याचं जळणं संपलं नव्हतं, हे त्याच्या थांबण्यातून कळायचं. तिचंही संपलं नव्हतं. फक्त आता दोघांना एकमेकांचं दिसत होतं, त्यामुळे घरात बोलणं वाढलं. कधी कधी तर ते हसायचेही.

पुढच्या वर्षाच्या शेवटी कणकवलीकडच्या वनरक्षकाने एक मादी पाठवली. पंखाला जखम झालेली, डोळ्याभोवती पांढुरकी कातडी. शेजारच्या पिंजऱ्यात ठेवून मग दोघांना एकत्र सोडलं. धनूने तिला हाकललं. ती फांदीवर आली की तो दुसऱ्या फांदीवर जाई, आणि दाराकडे तोंड करून सुनंदाची वाट बघत बसे.

विद्याधरने सुनंदाला सांगितलं तेव्हा तो आवाज अगदी सांभाळून बोलला. "तू येत राहिलीस तर तो तिच्याकडे बघणार नाही. मी काही सांगत नाही. तू ठरव."

"तुम्हाला तेच हवं असणार."

"मागच्या वर्षी हवं होतं," तो म्हणाला. "आता तसं नाही. पण त्याचं बाकीचं आयुष्य, सुनंदा. तो तुझ्यासाठी घरटं करील आणि तू ढोलीत शिरणार नाहीस."

सुनंदाने दोन दिवस त्याच्याशी अबोला धरला. मग तिने जाणं बंद केलं. मन मात्र तिथेच होतं. एक्स्चेंजमध्ये रत्नागिरीचा कॉल कोल्हापूरला जोडला आणि शिव्या खाल्ल्या. त्या मादीला तिने नीट पाहिलंही नव्हतं, तरी ती तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. काशीराम भेटला की ती आडून विचारायची.

"कशी आहे ती?"

"बरी आसा. जरा आगाव."

"दिसायला?"

"तुमच्यापुढे काय नाय," काशीराम गंभीरपणे म्हणाला, आणि सुनंदाला ते खरं मानावंसं वाटलं.

सत्याऐंशीच्या मार्चमध्ये विद्याधर धावतपळत घरी आला. मादी लाकडी खोक्याच्या ढोलीत शिरली होती आणि दोघांनी मिळून चिखलाने तोंड लिंपायला घेतलं होतं. "आता ती आत राहणार. तो बाहेरून भरवणार," तो म्हणाला. "चल. आता तू आलीस तरी चालेल."

दोघं गेले. धनू खोक्याच्या फटीशी लटकला होता. घशातून एक एक उंबर काढून आत देत होता. सुनंदाने हाक मारली नाही. तरी त्याने तिला बघितलं. मान वाकडी करून तोच लांब पापण्यांचा डोळा त्याने तिच्यावर रोखला. मग पुढचं उंबर काढलं आणि फटीत दिलं.

सुनंदाने पुढे झालेला तळहात मागे घेतला. तिने शेजारी बघितलं. विद्याधर ओठ घट्ट मिटून उभा होता. कुणीच कुणाला समजावलं नाही. दोघं उन्हात उभे राहून बराच वेळ बघत राहिले.

पावसाळ्यात मादी पिल्लासह बाहेर आली. बागेत एकच गर्दी लोटली. मादी फांदीवर निवांत बसून होती. मुलं जाळीला नाक लावत, काशीराम हातभर अंतरावरून पाणी भरे, तिला कशाचं काही नव्हतं. संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर सुनंदा जाळीजवळ आली. मादीने मान वर केली. पुढच्या क्षणी ती जाळीवर येऊन आदळली आणि सुनंदाच्या बोटाला चोच मारून गेली.

"अगं, मागे हो," विद्याधर म्हणाला. "आजवर कुणावर गेली नाही ती. तुझ्यावरच का?"

सुनंदाने रक्ताळलेलं बोट तोंडात धरलं. "सवत ओळखलीय तिने," ती म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता, आणि घरी पोचेपर्यंत ती विद्याधरला तेच तेच पुन्हा सांगत राहिली, की ती कशी आली, कशी थेट तिच्याच अंगावर आली.